सायकलचं हँडल आपल्या मापाचं

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

मालवण किनाऱ्यावरच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही तुमच्याशी बोलतोय. पापड, मसाले, कोकम, कर्जाचे हप्ते यांवर आपण आजवर पुष्कळ बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आपण सायकलच्या हँडलविषयी बोलणार आहोत. ते रुंद का करायचं, किती करायचं, कसं करायचं, आणि कुठल्या तऱ्हेनं मुळीच करायचं नाही, एवढंच आजचं बोलणं आहे.

हा विषय आमच्या डोक्यातून आलेला नाही, तो गटाच्या बैठकीतून आला. आमच्यातल्या बऱ्याचजणी आता सायकलवरून माल पोचवतात. कुणी सुकी मासळी घेऊन वाडीवाडीत फिरते. कुणी तारकर्ली-देवबागच्या बाजूला घरगुती निवासांना भाकऱ्या आणि सोलकढी पुरवते. कुणाच्या सायकलवर आगळाच्या बाटल्या असतात, कुणाच्या सायकलवर नारळ. रोजचं रिक्षाभाडं देण्यापेक्षा घरात भिंतीला टेकून पडलेली सायकल बाहेर काढलेली बरी, असा साधा हिशोब. ही सायकल बहुतेक मुलीची असते. तिची शाळा संपली, सायकल राहिली, ती आता आईच्या कामाला आली.

पण ती सायकल शाळेला जाणाऱ्या मुलीसाठी घेतलेली. पुढं दप्तर, फार तर डबा. त्याच सायकलला आपण पुढं टोपली बांधतो, हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवतो, मागं कॅरिअरवर गोणी टाकतो. मग बैठकीत एक काकी म्हणाल्या, “टोपली बांधली काय हँडल हातात ऱ्हवणा नाय गो.” त्यांचं बोलणं संपायच्या आत आणखी दोघींनी तेच सांगितलं. वळणावर हँडल आपोआप एका बाजूला जातं, वाळूत चाक भरकटतं, सड्यावरून उतरताना हात थरथरतात.

यावर काही घरांत परस्पर उपाय झाले होते. कुणाच्या मुलानं हँडलच्या टोकांना नळाच्या पाइपाचे तुकडे बसवून दिले होते. कुणी बांबूचे तुकडे आत ठोकले होते. कल्पना वाईट नव्हती. हँडल लांब झालं की सायकल हातात राहते, हे त्यांना बरोबर कळलं होतं. पण शेजारच्या वाडीतल्या एका ताईंच्या सायकलचा असा प्लास्टिकचा तुकडा उतारावर मोडला. हातात नुसती मूठ राहिली आणि ताई गडग्यावर आदळल्या. मनगट दुखावलं. दिवस मे महिन्याचे, आगोटीची बेगमी करायचे. सुकी मासळी सगळ्यात जास्त विकली जाते ती याच दिवसांत. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू होण्याआधी घरोघर सुकं बांगडं, सुकट भरून ठेवतात. त्या ताईंचा तो सगळा हंगाम हात गळ्यात बांधून गेला. म्हणून आम्ही ठरवलं, या विषयावर नीट माहिती घ्यायची, सायकलवाल्या मिस्त्रींना विचारायचं, आणि ती सगळ्याजणींपर्यंत पोचवायची.

आता पहिली गोष्ट. हँडल हातात राहत नाही म्हणजे ते अरुंदच आहे असं नाही. डॉक्टर औषध देण्याआधी नाडी बघतात, तशी आधी सायकलची नाडी बघायची.

पुढच्या चाकात हवा किती आहे ते दाबून पाहा. हवा कमी असली की सायकल जड वळते आणि वाळूत रुतते. मग चिमट्याचे छर्रे बघा. पुढचा ब्रेक दाबून ठेवा आणि सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी ‘खट खट’ झालं तर तिथला कोन सैल आहे. हँडल फिरवताना मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर छर्रे झिजलेत किंवा गंजलेत. आपल्याकडे खारं वारं, त्यात मासळीचं पाणी ठिबकतं, त्यामुळे हे लवकर होतं. छर्रे बदलून ग्रीस भरायला फार खर्च येत नाही. आमच्या गटातल्या चार सायकली आम्ही अशा तपासल्या, तेव्हा दोन सायकली एवढ्यावरच सुधारल्या. त्यांच्या हँडलला हात लावावाच लागला नाही.

मग ओझं बघा. हँडलच्या टोकाला अडकवलेली पिशवी झोपाळ्यासारखी झुलते आणि प्रत्येक झोक्याला हँडल ओढते. तेच वजन मागच्या कॅरिअरवर, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं वाटून बांधलं तर निम्मा त्रास तिथंच कमी होतो. गोव्यातले पाववाले पोदेर आठवा. एवढी मोठी पावाची टोपली, पण ती असते मागच्या कॅरिअरवर. दूधवाल्यांचे कॅनही मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना टांगलेले असतात. वर्षानुवर्षं सायकलवर धंदा करणाऱ्यांनी जड ओझं हँडलवर ठेवलेलं नाही, यातच उत्तर आहे. पुढं ठेवायचं ते हलकं, आणि तेही घट्ट बांधलेलं.

एवढं करूनही सायकल हाताबाहेर जात असेल, तर मात्र हँडलच्या रुंदीचा विचार करायचा.

रुंद हँडलानं काय होतं, हे समजून घ्यायला मोठ्या शाळेची गरज नाही. आपलं जातं आठवा. जात्याचा खुंटा मध्यभागी नसतो, कडेला असतो. तो मध्याजवळ बसवला तर दोघीजणींनी जोर लावूनही तळी फिरणार नाही. खुंटा जितका कडेला तितकं जातं हलकं. हँडलचंही तेच आहे. समजा हँडलच्या मध्यापासून तुमचा हात ११ इंचांवर आहे. तो तुम्ही १३ इंचांवर नेलात, तर तेवढ्याच ताकदीत वळवण्याचा जोर साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. ओझ्यानं चाक एकीकडे ओढलं तरी तुम्ही ते कमी कष्टात सावरता. हात थोडे पसरल्यामुळे छाती मोकळी राहते, चढावर श्वास घ्यायला बरं पडतं. मध्ये जागा झाल्यामुळे टोपली बोटांना घासत नाही.

पण रुंदीला मर्यादा आहे. हँडल फार रुंद झालं की वळताना बाहेरचा हात लांब ताणावा लागतो. उंचीनं लहान असलेल्या बाईला तर पुढं वाकावं लागतं, मग खांदे आणि मान धरते. शिवाय आपले रस्ते बघा. देवबागची जमीन म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. वाड्यांतल्या पाणंदी दोन गडग्यांच्या मधून जातात. समोरून गाडी आली की टोकाला असलेला हात आधी घासला जाणार. म्हणून आमच्या गटानं ठरवलं, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच, त्यापुढं नाही.

आपलं माप कसं काढायचं? ब्लाउजचं माप घेतो तितकं सोपं आहे. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभ्या राहा. डोळे मिटा आणि जड कपाट लोटायचं आहे असं समजून दोन्ही हात भिंतीवर टेका. हात जिथं आपसूक पडले तिथं मैत्रिणीला खडूनं खूण करायला सांगा. दोन्ही हातांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. तुमचं शरीर जोर लावायला जे अंतर निवडतं ते हेच. आता सायकलचं हँडल टोकापासून टोकापर्यंत मोजा. दोन्ही मापं जवळजवळ सारखी असतील तर हँडल तुमच्या मापाचंच आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता धोक्याकडे येऊ. हा भाग जरा लक्ष देऊन ऐका.

अडकित्ता सगळ्यांच्या घरात असतो. त्याची दांडी लांब म्हणून कडक सुपारी फुटते. जोर आपण लावतो दांडीच्या टोकाला, पण तो जाऊन आदळतो बिजागरीजवळ. हँडल लांब केलं की तुमच्या हाताचा जोर जसा वाढतो, तसाच हँडलच्या मुळाशी आणि जोडाशी बसणारा ताणही वाढतो. खड्ड्यात चाक आपटलं की अंगाचं सगळं वजन हातांवर येतं, आणि ते वजन जोडाला मोडायला बघतं. सायकलची साखळी तुटली तर आपण पायी चालत घरी येतो. पेडल मोडलं तर शिव्या देत येतो. पण चालत्या सायकलचं हँडल मोडलं तर आपण डोक्यावर पडतो. म्हणून बाकी कुठंही जुगाड चालेल, हँडलवर जुगाड करताना दहादा विचार करायचा.

पहिला धोका प्लास्टिकच्या पाइपाचा. तो इतक्याजणींना का सुचतो याचंही कारण आहे. सायकलच्या हँडलची नळी मुठीपाशी बाहेरून २२.२ मिलिमीटर असते. घरातल्या नळजोडणीचा जो पिवळसर पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप मिळतो, तोही बाहेरून २२.२ मिलिमीटरच असतो. त्यामुळे त्या पाइपाचा जोड हँडलवर जवळजवळ चपखल बसतो. बघणाऱ्याला वाटतं, देवानंच जुळवून ठेवलंय. पण तो पाइप पाणी वाहून नेण्यासाठी केलेला आहे, माणसाचं वजन पेलण्यासाठी नाही. उन्हात राहून तो ठिसूळ होतो आणि मोडताना आधी वाकून दाखवत नाही. एकदम ‘कटकन’ जातो. असा पाइप ज्यांनी लावला असेल त्यांनी हे भाषण संपल्यावर तो काढून ठेवावा, एवढी विनंती.

दुसरा धोका आत ठोकलेल्या बांबूचा किंवा लाकडाचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, ओल धरून ठेवतं आणि हँडलची नळी आतून गंजते. बाहेरून चकचकीत, आतून पोखरलेलं. ज्या दिवशी कळतं त्या दिवशी उशीर झालेला असतो.

तिसरा धोका ब्रेकचा, आणि हा आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. मूठ दोन इंच बाहेर गेली, पण ब्रेकचा दांडा होता तिथंच राहिला, तर काय होईल? हात बाहेर, ब्रेक आत. अचानक कुत्रं आडवं आलं की हात सरकवून ब्रेक शोधेपर्यंत आपण त्याच्यावर गेलेल्या असतो. रुंद हँडलनं सायकल सावरता येईल, पण थांबवता येणार नाही, हा कसला सौदा? म्हणून नियम असा की मुठीवरचा हात न हलवता दोन बोटं ब्रेकवर पोचलीच पाहिजेत.

जुन्या काळ्या सायकलींना, आणि बऱ्याच जुन्या लेडीज सायकलींनाही, सळईचे ब्रेक असतात. ब्रेकचा दांडा हँडललाच जोडलेला असतो, तो बाहेर सरकवता येत नाही. अशा सायकलची मूठ लांबवायचीच नाही. वायरचे ब्रेक असतील तर दांडा सैल करून बाहेर सरकवता येतो. पण मग वायर पुरते का ते बघायचं. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, पूर्ण उजवीकडे वळवा. कुठंही वायर ताणली गेली किंवा ब्रेक आपोआप लागला, तर लांब वायर घालून घ्यायची.

चौथा धोका उघड्या नळीचा. हँडलच्या टोकाला रबरी मूठ नसेल किंवा फाटलेली असेल, तर पडताना ते नळीचं तोंड बेलण्याच्या वाटीनं करंजी कापावी तसं शरीरात घुसतं. पोटाला लागलं तर बाहेरून जखम लहान दिसते, आतली दिसत नाही. मुलांच्या सायकलींच्या मुठीही याच कारणासाठी घरी जाऊन आजच बघा. टोक बंद हवं, मूठ धड हवी.

इतकं घाबरवल्यावर आता करायचं काय ते सांगतो.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आख्खं हँडलच बदलणं. जी मुलं रेंजर पद्धतीच्या, जाड टायरच्या सायकली चालवतात, त्यांची हँडलं सरळ आणि रुंद असतात. तसं नवीन लोखंडी हँडल सायकलच्या दुकानात मिळतं, आणि ते एकसंध नळीचं असल्यामुळे जोडाचा प्रश्नच येत नाही. मात्र पुष्कळ जुन्या सायकलींना हँडल आणि त्याखालचा उभा दांडा एकत्र जोडलेला असतो. तिथं दोन्ही बदलावं लागतं. दांड्याची जाडी आपल्या सायकलच्या नळीत बसते का, हे मिस्त्रींना मोजायला सांगा. दांड्यावर एक खूण कोरलेली असते. ती खूण नळीच्या आत गेलेली असली पाहिजे, बाहेर दिसता कामा नये. जुनं हँडल भंगारातून आणत असाल तर गंज, चीर, वाकलेपणा नीट बघा. एकदा वाकलेलं हँडल सरळ करून वापरायचं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जोड देणं, आणि तो वर्कशॉपमध्येच करून घ्यायचा. आपण काय मागायचं ते माहीत असलं म्हणजे कुणी फसवत नाही. जोडाचा तुकडा पोलादाचाच हवा. तो हँडलच्या आत जाणारा हवा, वरून चढवलेला नको. तो ठोकून बसेल इतका घट्ट हवा, हातानं सरकेल इतका सैल नको. जेवढा बाहेर येणार त्याच्या दुप्पट आत गेला पाहिजे. म्हणजे दोन इंच बाहेर तर चार इंच आत. हँडलची नळी पातळ असते, तिला सरळ वेल्डिंगचा रॉड लावला तर भोक पडतं. म्हणून पितळेनं जोडून घ्या, वर्कशॉपवाले त्याला ब्रेझिंग म्हणतात. त्याआधी नळीवरचा चकचकीत मुलामा घासून काढावा लागतो. तो तसाच जाळला तर जोड पक्का बसत नाही आणि धूरही अपायकारक असतो. त्या वेळी लहान मुलांना घेऊन तिथं उभ्या राहू नका. जोड थंड झाल्यावर त्यावर रंग, आत थोडं ग्रीस, टोकाला बूच आणि वर नवी मूठ.

हे करून घ्यायला आम्ही गेलो तेव्हा एका मिस्त्रींनी आधी हसून विचारलं, “वयनी, कित्याक व्हया रुंद हँडल? बायलमाणसाक ह्याच पुरे.” आमच्यातल्या काकींनी शांतपणे सायकलवर गोणी ठेवली आणि म्हणाल्या, “तुम्हीच चालवून दाखवा बघू.” मिस्त्री दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. मग त्यांनी हसणं सोडून माप घेतलं. पुढं त्यांनीच ब्रेकच्या वायरची गोष्ट आमच्या लक्षात आणून दिली. काम जाणणारा माणूस कामाची अडचण दाखवली की ऐकतो. आपण फक्त अडचण नीट दाखवायची.

तिसरा मार्ग खऱ्या अर्थानं घरगुती आहे, आणि तो चालवायच्या सायकलसाठी नाही, ढकलायच्या सायकलसाठी आहे. किनाऱ्यावरून सड्यावर जाणारी घाटी आपण ओझं घेऊन चढतो तेव्हा सायकलवर बसत नाही, बाजूनं ढकलत नेतो. त्या वेळी कमरेत वाकून, एक हात हँडलवर आणि एक हात गोणीवर ठेवून चालावं लागतं. सायकल अंगावर येते, पाय पेडलला अडकतो. त्यावर जगात एक फार नावाजलेला उपाय झालेला आहे. १९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू इथं फ्रेंच फौजेशी मोठी लढाई झाली. डोंगरातल्या त्या रणांगणावर व्हिएतनामी लोकांनी तांदूळ आणि दारूगोळा सायकलींवरून पोचवला. त्यावर बसून नाही, ढकलत. त्यांनी हँडलच्या एका बाजूला बांबूची काठी बांधून ते लांब केलं होतं आणि बसायच्या जागी दुसरी उभी काठी लावली होती. एका हातानं लांब हँडल धरून वळवायचं, दुसऱ्या हातानं उभी काठी धरून ढकलायचं. माणूस ताठ चालत होता आणि एकेका सायकलवर २०० किलो आणि त्याहून जास्त ओझं जात होतं. त्या ओझेवाल्यांत बायाही मोठ्या संख्येनं होत्या.

आपल्याला २०० किलो न्यायचं नाही आणि युद्धही करायचं नाही. पण काठीची युक्ती घेण्यासारखी आहे. मनगटाएवढा, न चिरलेला, वाळलेला बांबू घ्या. हँडलच्या आपल्या बाजूच्या हातावर तो आडवा ठेवा आणि जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्यांनी दोन ठिकाणी घट्ट आवळा. रबर घसरत नाही, म्हणून सुंभापेक्षा ते बरं. बांबू ब्रेकच्या वर येऊ देऊ नका. उतारावर ओझ्याची सायकल धरायला ब्रेक लागतोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाटी संपली आणि सायकलवर बसायची वेळ आली की बांबू सोडून कॅरिअरला बांधायचा. बांबू लावलेल्या सायकलवर बसायचं नाही, मुलांना बसू द्यायचं नाही. आमच्याकडच्या दोघीजणी आता अशीच घाटी चढतात. कंबर धरत नाही, असं त्या सांगतात.

मैत्रिणींनो, एवढं सगळं हँडलसाठी कशाला, असं कुणी विचारेल. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं साक्षरता मोहिमेबरोबर बायकांनी सायकल शिकायची मोहीम झाली. एक लाखाहून जास्त ग्रामीण बाया सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेलं आहे. त्यातली एक बारीक गोष्ट आम्हाला फार आवडली. काही बायांना लेडीज सायकलपेक्षा पुरुषी सायकलच पसंत होती. कारण काय, तर तिला सीटपासून हँडलपर्यंत जो आडवा दांडा असतो, त्यावर मुलाला बसवता येतं. दुकानदार म्हणतो ही सायकल बाईची, ही पुरुषाची. त्या बायांनी बघितलं की आपल्या कामाची कुठली.

आपण हेच शिकायचं. ब्लाउज दंडात घट्ट झाला तर आपण उसवून सैल करतो. विळी उंच वाटली तर पाट बदलतो. पण यंत्र म्हटलं की ते आहे तसंच वापरायचं आणि त्रास झाला तर दोष स्वतःला द्यायचा, “माझ्याच हातात जोर नाही.” जोर असतो. माप चुकलेलं असतं. फक्त माप दुरुस्त करताना यंत्राचे नियम पाळायचे, कारण यंत्राला आपली दया येत नाही.

खर्चाचंही बोलू. हँडल, वायर, मुठी आणि मजुरी असा खर्च एकदम करणं कुणाकुणाला जड जातं. गटाच्या अंतर्गत कर्जातून हे काम करता येतं, आणि त्याची नोंद ‘सायकल दुरुस्ती, धंद्यासाठी’ अशी स्पष्ट करावी. काहीजणींना वाटतं, कर्ज म्हशीला, मशीनला, दुकानाला; हँडलला कसलं कर्ज? पण ज्या सायकलवर रोजची विक्री उभी आहे ती धंद्याचं साधनच आहे. एक मनगट मोडलं तर महिनाभराची कमाई आणि दवाखान्याचा खर्च, दोन्ही अंगावर येतं. त्यापुढं हँडल स्वस्त.

आपल्याला गटाची पंचसूत्री तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख नोंदी. तशी हँडलची पंचसूत्री करून आम्ही बैठकीच्या खोलीत भिंतीला लावली आहे. तीही ऐका.

एक. आधी हवा, छर्रे आणि ओझं तपासा, मग रुंदीचा विचार करा.

दोन. दोन्ही बाजूंना दोन इंचांपेक्षा जास्त नाही, आणि जोड पोलादाचाच. प्लास्टिक नाही, लाकूड नाही.

तीन. मुठीवरचा हात न हलवता ब्रेक लागला पाहिजे.

चार. नवं हँडल लावल्यावर आधी परीक्षा. पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल दोन्हीकडे पिळा. मग दोन्ही टोकांवर अंगाचा भार टाका. काही हललं, वाजलं, वाकलं तर परत मिस्त्रींकडे. नाही हललं तर आधी अंगणात रिकामी, मग अर्ध्या ओझ्यानं, मग पुऱ्या ओझ्यानं चालवा.

पाच. दर महिन्याच्या बैठकीला सायकल घेऊन या. एकमेकींच्या सायकली बघा. जोडापाशी केसाएवढी चीर, गंजाचा तांबूस ओघळ किंवा ‘कुई कुई’ असा आवाज, यांतलं काहीही आढळलं तर त्या दिवशी सायकल ढकलत घरी न्या. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मूठ काढून आतली नळी बघायलाच हवी, कारण आपल्याकडे खारं वारं लोखंडाला सोडत नाही.

यातलं पाचवं सूत्र आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. चीर आपल्याला आपल्या सायकलची दिसत नाही, रोजच्या सवयीनं डोळा तिथून घसरतो. शेजारणीला ती चटकन दिसते. गट कशासाठी असतो, तर याचसाठी.

तुमच्यापैकी कुणी सायकलमध्ये आपल्या कामापुरता बदल केला असेल, टोपलीसाठी, मुलाच्या बसण्यासाठी, डब्यांसाठी, तर गटाच्या बैठकीत जरूर सांगा. पुढच्या वेळी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बोलू. ओझं कसं बांधायचं, दोर कुठला घ्यायचा आणि चाकात पदर अडकू नये म्हणून काय करायचं, हे सगळं त्यात येईल. तोपर्यंत सायकल सावकाश चालवा, ब्रेक तपासा. नमस्कार.